चुना, सुरखी आणि राख



वसंतातल्या संध्याकाळी लोक व्याख्यानाला जमतात ते एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र ऐकावयास, साहित्याची गोडी चाखावयास किंवा राजकारणावरचे दोन खडे बोल ऐकावयास. अशा वेळी चुना, विटांचा भुगा आणि कोळशाची राख असा विषय घेऊन उभ्या राहणाऱ्या वक्त्याने आधी क्षमा मागितली पाहिजे. ती मी मागतो. परंतु हा विषय निवडण्यास एक कारण घडले, ते प्रथम सांगतो. म्हणजे क्षमा करावयाची की नाही हे आपल्याला ठरविता येईल.

मागच्या उन्हाळ्यात घोड नदीच्या काठच्या एका गावी मी गेलो होतो. तिथे एका शेतकरी कुटुंबाचे घर बांधावयाचे काम चालले होते. ओट्यापाशी सिमेंटची पोती रचलेली होती आणि गवंडी मालकाला समजावीत होता की हल्लीच्या सिमेंटमध्ये वीज कारखान्यातली राख मिसळलेली असते. घरातल्या म्हाताऱ्या आजी हे ऐकत बसल्या होत्या. त्या मला म्हणाल्या, “दादा, चुलीतली राख आम्ही भांड्यांना लावतो. हे तीच राख घराला लावत्यात. आमच्या पोरानं जमीन गहाण टाकून घर काढलंय. हे टिकंल का?”

मी त्यांना तिथल्या तिथे काहीतरी उत्तर दिले, पण ते माझे मलाच पुरे वाटले नाही. कारण आजींचा प्रश्न साधा नव्हता. राख ही टाकाऊ वस्तू. ती घरात मिसळणे म्हणजे भेसळच नव्हे काय, असा त्यांचा संशय होता आणि त्या संशयामागे एका घराण्याची सारी पुंजी उभी होती. या प्रश्नाचे नीट उत्तर द्यावयाचे तर ते आजच्या कारखान्यात शोधून भागत नाही. ते इतिहासात शोधावे लागते. आणि सुदैवाने त्या इतिहासाचा बराचसा भाग आपल्या जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांत, नद्यांत आणि पडक्या भिंतींत आहे.

प्रारंभ अग्नीपासून करू. आपला हा सारा मुलूख अग्नीचे अपत्य आहे. शिवनेरीचा कडा, लेण्याद्रीचा डोंगर, नाणेघाटाची खिंड ही सारी सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीतून उसळलेल्या लाव्हाच्या थरांची बनलेली आहेत. तो लाव्हा थरावर थर साचत सावकाश निवाला. सावकाश निवाल्यामुळे त्यातील द्रव्यांना आपापली जागा शोधून स्फटिकरूपाने घट्ट बसण्यास वेळ मिळाला. म्हणून आपला काळा दगड कठीण आहे, आणि रासायनिक दृष्टीने संथही आहे. त्याची कितीही बारीक पूड केली तरी चुन्याशी तिचे फारसे सख्य जमत नाही.

आता याच तालुक्यातील दुसरी वस्तू पाहा. कुकडी नदीच्या काठी बोरी गावाजवळ गाळाच्या थरांत एक पांढुरकी, मऊ राख सापडते. ती ज्वालामुखीची राख आहे, ही गोष्ट १९८० नंतरच्या दशकात संशोधकांनी पुढे आणली. तिच्या वयाविषयी मोठा वाद झाला. कोणी ती चौदा लाख वर्षांची मानली, कोणी सुमारे पावणेसात लाख वर्षांची. परंतु तिच्या कणांची रासायनिक तुलना करून अनेक शास्त्रज्ञांनी ती सुमात्रा बेटावरील टोबा ज्वालामुखीच्या सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीच्या प्रचंड स्फोटातील असल्याचे मत मांडले. तीन हजार किलोमीटरांहून अधिक अंतर वाऱ्यावर काटून ती राख कुकडीच्या खोऱ्यात उतरली. ही राख म्हणजे काचेचे अतिसूक्ष्म कण होत. स्फोटात उडालेला रस हवेत क्षणार्धात निवाला. स्फटिक बनण्यास त्याला सवड मिळालीच नाही. अशी घाईने गोठलेली काच आतून अस्वस्थ असते. चुना आणि पाणी भेटले की ती त्यांच्याशी संयोग पावते आणि दगडासारखी घट्ट होते.

शिवनेरीचा कडा आणि बोरीची राख, दोन्ही अग्नीतूनच जन्मली. पण एकीची पूड चुन्याला धरते आणि दुसऱ्याची धरीत नाही. एवढा एक भेद ध्यानात ठेवला तर पुढची सारी कथा उलगडत जाईल.

चुना म्हणजे काय, हेही दोन शब्दांत सांगितले पाहिजे. चुनखडी भट्टीत भाजली की तिच्यातील कर्बवायू निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. त्यावर पाणी ओतले की तो फसफसून विरतो. हा विरलेला चुना भिंतीत घातला तर हवेतील कर्बवायू पुन्हा शोषून घेऊन हळूहळू दगड होतो. पण त्यासाठी त्याला हवा लागते. जाड भिंतीच्या पोटात किंवा पाण्याखाली हवा कोठून मिळणार? तिथे नुसता चुना वर्षानुवर्षे मऊच राहतो. हौद, बांध, पुलाचे पाये ही कामे साध्या चुन्याच्या आवाक्याबाहेरची.

ही अडचण रोमन लोकांनी सोडविली. नेपल्सजवळच्या पोझ्झुओली परिसरातील ज्वालामुखीची राख चुन्यात मिसळली तर तो पाण्याखालीही घट्ट होतो, हे त्यांच्या ध्यानात आले. ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकातील विट्रुव्हियस या वास्तुकाराने आपल्या ग्रंथात तिचे गुण वर्णिले आहेत. त्या गावाच्या नावावरून अशा सर्व पुडींना आजही ‘पोझोलाना’ म्हणतात. परंतु मला त्याहून महत्त्वाची वाटते ती त्याने दिलेली दुसरी एक सूचना. नदीची किंवा समुद्राची वाळू वापरावयाची असेल तर तिच्यात एक तृतीयांश भाजलेल्या मातीचा चाळलेला चुरा घालावा, असे तो सांगतो. म्हणजे फुटकी कौले, फुटकी मडकी! जिथे ज्वालामुखीची राख नाही तिथे कुंभाराच्या आव्यातून ती उत्पन्न करता येते, हे त्या जुन्या वास्तुकाराला माहीत होते.

त्या काळी आपले जुन्नर काय करीत होते? सातवाहनांच्या राज्यातील ही मोठी पेठ होती. नाणेघाट चढून कल्याणचा माल इथे येई. जुन्नरच्या भोवतालच्या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी खोदलेली आहेत आणि त्यांतील शिलालेखांत दान देणारे यवनही भेटतात. इरिल नावाच्या यवनाने पाण्याच्या दोन पोढी दिल्या, चिट नावाच्या यवनाने संघासाठी भोजनमंडप दिला, चंद नावाच्या यवनाने गर्भद्वार दिले. मानमोडीच्या डोंगरात क्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याचा लेख आहे. त्यानेही पोढी आणि मंडप दान दिल्याचे त्यात नमूद आहे. लेखातील ४६ हे वर्ष शक गणनेचे धरले तर ते इसवी सन १२४ ठरते. नेमक्या त्याच सुमारास रोममध्ये पँथिऑन या देवळाचा ४३ मीटर रुंदीचा घुमट राखेच्या काँक्रीटने ओतला जात होता.

या योगायोगावरून एकाने दुसऱ्यापासून विद्या घेतली असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. दोघांची वाट वेगळी होती. रोमकडे सैल माती आणि राख होती, म्हणून त्यांनी दगड ओतला. आपल्याकडे अखंड कातळ होता, म्हणून आपण दगड कोरला. कातळात कोरलेल्या पोढीला चुना लागत नाही. चुना त्या काळी अज्ञात होता असे मात्र नव्हे. लेण्यांच्या आतील बाजूंवर जुन्या गिलाव्याच्या खुणा आजही दिसतात. पण त्या चुन्यावर भार तोलण्याचे काम नव्हते. बोरीची राख पायांशी होती, तरी तो थर पातळ आणि नदीकाठापुरता. त्याच्यावर एखादे शहर उभे राहणे शक्य नव्हते.

चुन्यावर खरे ओझे पडले ते कमान आणि घुमट आल्यावर. बहमनी आणि पुढे निजामशाही राजवटीत जुन्नर हे मातब्बर ठाणे झाले. अहमदनगर वसविणाऱ्या मलिक अहमदाचा पहिला जम इथेच बसला. पुढे १६०७ च्या सुमारास मलिक अंबरने निजामशाहीची गादी काही काळ जुन्नरला आणली. शिवनेरीवरची कमानी मशीद, हापूसबागेतील सौदागर घुमट या अशा युगाच्या खुणा आहेत. कमानीतला प्रत्येक दगड शेजारच्या दगडावर रेलून उभा असतो, आणि घुमटावर तर चार महिने आपला सह्याद्रीचा पाऊस कोसळतो. हौदाला पाणी धरावे लागते, गच्चीला ते झिरपू न देता वाहून लावावे लागते. येथे साधा चुना पुरत नाही.

अडचण अशी की आपल्या काळ्या दगडाच्या मुलखात चुनखडीचे डोंगर नाहीत. आहेत ते काळ्या जमिनीत आणि नदीच्या दरडींत सापडणारे चुनखडीचे गोटे, म्हणजेच कंकर. लोक ते वेचून आणीत, थर देऊन भट्टीत भाजीत. या गोट्यांत थोडी चिकणमातीही असते आणि ती चुन्याबरोबर भाजली गेल्यामुळे असा चुना काही अंशी पाण्यातही घट्ट होतो. निसर्गाने दिलेली ही पहिली मदत. दुसरी मदत माणसाने स्वतःच केली आणि तिचे नाव सुरखी. रोमकडे ज्वालामुखी होता. आपल्याकडे विटांची भट्टी होती.

सुरखी म्हणजे भाजलेल्या विटेची बारीक पूड. वीटभट्टीत प्रत्येक वीट सारखी भाजली जात नाही. मधली पक्की होते, आगीच्या अगदी तोंडाशी असलेली वितळून खंगर होते आणि कडेची अर्धवट भाजलेली राहते. भिंतीला पक्की वीट जाई. कडेची मऊ वीट आणि तुकडे टाकाऊ ठरत. हीच टाकाऊ वीट सुरखीला उत्तम. आज त्याचे कारण सांगता येते. सुमारे सहाशे ते आठशे अंशांवर भाजली म्हणजे चिकणमातीतील पाणी निघून जाते व तिची आतली घडी मोडते. अशी घडी मोडलेली माती बोरीच्या राखेप्रमाणेच चुन्याला आतुर असते. आग त्याहून फार वाढली की घडी नव्या तऱ्हेने पक्की बसते आणि पूड आळशी होते. म्हणून खंगराची सुरखी कामाची नव्हे. जुन्या गवंड्यांना अंश ठाऊक नव्हते. पण विटेचा रंग, नखाने ओरखडा काढता येतो की नाही, वाजविल्यावर येणारा आवाज यांवरून ते अचूक निवड करीत.

मग चुना, सुरखी आणि वाळू ही चुन्याच्या घाणीत पडत. तिन्हींचा एकेक भाग हे एक प्रचलित प्रमाण होते. आपल्या किल्ल्यांवर या घाणीचे गोल चर आणि जड दगडी चाके अजून पाहावयास मिळतात. बैल ते चाक फिरवीत. हे नुसते मिसळणे नव्हते, दळणे होते. पूड जितकी बारीक तितका तिचा चुन्याशी संबंध अधिक. घाणीतला माल लोण्यासारखा झाला म्हणजे तो दरजांत भरला जाई, आणि पुढे कित्येक दिवस त्यावर पाणी मारले जाई. ज्या जुन्या हौदाच्या गिलाव्याला फिकट तांबूस छटा दिसेल, तिथे बहुधा सुरखीच आपले काम करीत आहे असे समजावे. जुना वाडा पाडणाऱ्या मजुरांकडून मी अनेकदा ऐकले आहे की पहार मारली तर वीट फुटते, पण दरज सुटत नाही. ही त्या टाकाऊ पुडीला मिळालेली पावती होय.

इंग्रज आले तेव्हा त्यांच्या इंजिनियरांनी ही विद्या फेकून दिली नाही, उलट शिकून घेतली. त्यांच्या देशात जॉन स्मीटन याने १७५६ ते १७५९ या काळात एडिस्टनचा दीपस्तंभ बांधताना इटलीतून पोझोलाना मागविली होती, त्यामुळे तिचे महत्त्व ते जाणून होते. इथे त्यांना सुरखी हाताशीच मिळाली. १८५४ साली सुरू झालेल्या गंगा कालव्याच्या बांधकामात ती मुबलक वापरली गेली. १८८७ ते १८९५ या काळात बांधलेले मुल्लपेरियार धरण चुना आणि सुरखीचेच आहे. पुण्याच्या कॉलेजात शिकलेले आणि खडकवासल्याला आपले स्वयंचलित दरवाजे बसविणारे विश्वेश्वरय्या यांचे नाव ज्या कृष्णराजसागर धरणाशी जोडलेले आहे, तेही १९११ साली सुरू झाले ते सुरखी मिसळलेल्या चुन्यातच. म्हणजे आपण ज्याला टाकाऊ भुगा म्हणतो, त्याने देशातली मोठमोठी पाणी धरणारी कामे पेलून धरली.

मग ही विद्या गेली कोठे? तिला कोणी हरविले नाही, घाईने हरविले. १८२४ साली जोसेफ अ‍ॅस्पडिन या इंग्रज गवंड्याने पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले. १९१४ साली पोरबंदरला आपल्याकडचा यशस्वी कारखाना सुरू झाला. चुनखडी आणि माती सुमारे १४५० अंशांपर्यंत भाजून तयार होणारी ही पूड काही तासांत आवळते आणि महिन्याभरात बहुतेक बळ मिळविते. घाणी नको, बैल नको, विटेची पारख नको. पोते फोडा आणि कालवा. स्वातंत्र्यानंतर देशाला हजारो शाळा, दवाखाने, पूल आणि कालवे थोड्या काळात उभे करावयाचे होते. सिमेंटने ते काम केले, हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे. आपल्या कुकडी प्रकल्पाची येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही धरणे अशाच नव्या युगातली. त्यांच्या पाण्याने पूर्वेकडचे शिवार हिरवे झाले, आणि डिंभ्याच्या पाण्याखाली जुने आंबेगाव गेले. तालुक्याला नाव देणारे गावच तालुक्याच्या नकाशावरून पुसले गेले. त्या गावच्या भिंतींबरोबर त्या बांधणाऱ्या हातांचे ज्ञानही बुडाले. एकेका गावातून चुन्याच्या भट्ट्या विझल्या आणि घाणीची चाके अंगणात पडून राहिली.

परंतु सिमेंटच्याच घरात एक उणीव होती आणि त्या उणिवेनेच राखेला पुन्हा आत बोलावले. सिमेंटची पाण्याशी क्रिया होते तेव्हा बळ देणाऱ्या द्रव्याबरोबर थोडा मोकळा चुनाही निर्माण होतो. हा चुना निरुद्योगी असतो; पाण्याबरोबर झिरपून बाहेर येतो आणि मागे छिद्रे ठेवतो. छतावर पांढरे डाग उमटतात त्यांत त्याचा हात असतो. शिवाय क्रियेत उष्णता निघते आणि धरणासारख्या प्रचंड कामात त्या उष्णतेने भेगा पडतात. या मोकळ्या चुन्याला कामाला लावावयाचे तर त्याला जोडीदार हवा, आणि तो जोडीदार म्हणजे आपली जुनी ओळखीची काच.

ती आता वीज केंद्रांच्या धुराड्यांत सापडली. दगडी कोळसा दळून भट्टीत फुंकला की तो जळून जातो, त्यातील माती वितळून तिचे थेंब धुराबरोबर उडतात व वरच्या वर गोठून काचेच्या सूक्ष्म गोळ्या होतात. हीच उडती राख. बोरीला टोबाने जे टाकले तेच प्रत्येक वीज केंद्र रोज टाकीत असते! कॅलिफोर्नियाच्या विद्यापीठात रेमंड डेव्हिस आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९३७ साली या राखेच्या काँक्रीटचा अभ्यास प्रसिद्ध केला. अमेरिकेतील हंग्री हॉर्स धरणात ती मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. आपल्या देशात १९६२ साली पूर्ण झालेल्या रिहंद धरणात बोकारोच्या वीज केंद्राची राख सिमेंटच्या सुमारे पंधरा टक्के जागी घातली गेली.

याहून जवळचे उदाहरण हवे असेल तर हरिश्चंद्रगडाची रांग ओलांडून जावे. नाणेघाटाच्या माथ्यावर आपल्या तालुक्यातही एक घाटघर आहे. मी म्हणतो ते दुसरे, अकोले तालुक्यातील भंडारदऱ्यापलीकडचे. तिथे जलविद्युत प्रकल्पासाठी रुळाने दाबून घातलेल्या काँक्रीटची धरणे बांधली गेली. या पद्धतीची ही आपल्या देशातील पहिली धरणे. त्यांत जोडणाऱ्या पुडीचा अर्ध्याहून अधिक भाग राखेचा होता, आणि ती राख नाशिकजवळच्या एकलहऱ्याच्या वीज केंद्राची होती. २००८ मध्ये तिथे वीजनिर्मिती सुरू झाली. ज्या सह्याद्रीने सुरखीचे हौद पाहिले त्याच सह्याद्रीने राखेची धरणे पाहिली. मधल्या काळात तुटलेला धागा असा पुन्हा जोडला गेला.

राख वापरण्यामागे आणखी एक निकड आहे. आपल्या कोळशात राखेचे प्रमाण तीस ते पंचेचाळीस टक्क्यांपर्यंत असते. ती भिंतीत गेली नाही तर तळ्यात साचते, आणि तळे कायमचे भरवशाचे नसते. २०२२ च्या जुलैत नागपूरजवळच्या खसाळा येथील राखेच्या तलावाचा बांध फुटला आणि राखेचे लोंढे शेतांत आणि ओढ्यांत शिरले. दुसऱ्या बाजूस, विटांसाठी सुपीक माती खरवडली जाते. या दोन्हींचा विचार करून केंद्र सरकारने १४ सप्टेंबर १९९९ रोजी वीज केंद्रांच्या परिसरातील वीटभट्ट्यांना राख वापरणे बंधनकारक केले. ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने तर राखेची सर्व विल्हेवाट लावण्याची जबाबदारी वीज केंद्रांवर टाकली आणि न वापरलेल्या राखेला टनामागे १००० रुपये भरपाई ठरविली. शिवाय सिमेंटची खडी भाजताना हवेत जाणारा कर्बवायू जगाच्या उष्णतेत भर घालतो. सिमेंटची जितकी जागा राख घेईल तितका तो वायू कमी.

मात्र येथे एक इशारा दिला पाहिजे. नाहीतर मी राखेचा प्रचारक ठरेन. टाकाऊ पूड दिसली की ती काँक्रीटमध्ये ढकलावी असा याचा अर्थ नव्हे. आपल्याच भागाचे पाहा. खडीच्या क्रशरवर काळ्या दगडाची भुकटी ढिगांनी पडते. नदीची वाळू दुर्मिळ झाल्यापासून क्रशरची वाळू सर्रास चालते, आणि नीट धुऊन-चाळून घेतली तर ती वाळूचे काम चांगले करते. पण ती सिमेंटचे काम करणार नाही. ती शिवनेरीच्या कड्याची लेक आहे, बोरीच्या राखेची नव्हे. पोकळी भरणे हा तिचा धर्म, जोडणे हा नव्हे. विघ्नहर आणि भीमाशंकर या आपल्या दोन सहकारी साखर कारखान्यांसारख्या ठिकाणी उसाचे चिपाड जळते. चिपाडाच्या राखेत आणि पश्चिमेकडच्या भातपट्ट्यातील तुसाच्या राखेत सिलिका भरपूर असते. योग्य तापमानावर जाळून, न जळलेला कोळसा वेगळा काढून आणि बारीक दळून घेतली तर ती चुन्याशी उत्तम जमते, असे प्रयोगांनी दाखविले आहे. पण काळी, अर्धवट जळालेली राख जशीच्या तशी घातली तर घात होतो. पूड काय आहे याहून ती कोणत्या आगीतून आली, हा प्रश्न महत्त्वाचा. जुना गवंडी खंगर बाजूस काढीत असे तो याचसाठी.

आणि आता आजींच्या प्रश्नाकडे येतो. आजी, चुलीतली राख आणि ही राख एक नव्हे. चुलीतली राख लाकडाची; तिच्यात क्षार फार, म्हणून ती भांड्याचा तेलकटपणा घालविते. ही राख वितळलेल्या मातीची, काचेची. तिची जात सुरखीची आहे. ज्या पोत्यावर पोझोलाना सिमेंट असे छापलेले असते, त्यात ती पंधरा ते पस्तीस टक्क्यांपर्यंत असावी असा भारतीय मानकाचा नियम आहे. ती भेसळ नव्हे. भेसळ लपवून केली जाते. ही मोजून, तपासून आणि सांगून घातलेली आहे. कारखान्याबाहेर कोणी मनास येईल ती राख पोत्यात कालवील तर तो मात्र चोर होय.

परंतु आजींच्या मनातली धास्ती अगदीच पोकळ नव्हती. राख संथ काम करते. पहिल्या आठवड्यात तिचे काँक्रीट नुसत्या सिमेंटच्या मागे असते; तीन महिन्यांनी ते त्याच्या बरोबरीला येते आणि पुढेही बळ वाढवीत राहते. या सावकाश चालीत तिला ओल हवी. म्हणून अशा सिमेंटच्या कामावर निदान दहा दिवस पाणी मारावे आणि कडक उन्हाळ्यात ते चौदा दिवसांपर्यंत चालवावे असे मानक सांगते. प्रत्यक्षात काय होते? आपल्याकडे घरे बांधावयाची ती मार्च ते मे महिन्यांत, म्हणजे विहिरी आटलेल्या असताना. टँकर विकत घ्यावा लागतो. तीन दिवस पाणी मारले की ठेकेदार म्हणतो, झाले. फळ्याही लवकर काढल्या जातात, कारण त्या पुढच्या कामावर न्यावयाच्या असतात. मग स्लॅब गळू लागला की दोष राखेच्या माथी येतो. दोष राखेचा नसतो, वाचविलेल्या दहा दिवसांचा असतो. ओले गोणपाट, ओला पेंढा, स्लॅबवर मातीची आळी करून साठविलेले पाणी, एवढ्यावर हा प्रश्न सुटतो. थोडक्यात, आपण पूर्वजांची पूड परत आणली, त्यांचा धीर परत आणला नाही.

इतिहासाने मला या बाबतीत एक चमत्कारिक फेरा दाखविला. आता जगातले संशोधक म्हणू लागले आहेत की कोळशाची वीज केंद्रे पुढेमागे बंद होतील, मग राख कोठून आणावयाची? म्हणून चिकणमाती सातशे-आठशे अंशांवर भाजून तिची पूड व चुनखडीची भुकटी सिमेंटमध्ये मिसळण्याची पद्धत त्यांनी पुढे आणली. आपल्या देशातील संशोधन संस्थांनीही या कामात मोठा वाटा उचलला, आणि २०२३ साली भारतीय मानक ब्युरोने अशा सिमेंटचे मानक प्रसिद्ध केले. तापमान पाहा, वस्तू पाहा. ही सुरखीच नव्हे काय? जिला आपण घाणीबरोबर अंगणात टाकून दिली, ती प्रयोगशाळेतून नवे नाव घेऊन परत येत आहे.

उन्हाळा वाढला आणि डिंभ्याचे पाणी ओसरले की जुन्या आंबेगावचे अवशेष काही दिवस उघडे पडतात. लोक ते पाहावयास जातात, आपल्या पूर्वजांची घरे मुलांना दाखवितात. पाण्याबाहेर आलेल्या भिंतीत एखादी तांबूस दरज शाबूत दिसली तर तिथे क्षणभर थांबावे. भट्टीच्या कडेची नाकारलेली वीट, नदीकाठचे वेचलेले गोटे, बैलाने ओढलेले चाक आणि कोणीतरी रोज सकाळी न चुकता मारलेले पाणी एवढेच तिच्या मागे आहे. राखेचे घर टिकेल का, असे आजींनी विचारले होते. टिकेल; पण त्या चार गोष्टींपैकी शेवटची जो पाळील, त्याचे.